वकील बदलताना

आई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ती पायरी चढणाऱ्यांच्या भुकेवरच आपलं घर चाललं, त्यामुळे तुझ्या तोंडून ही म्हण मी कधी ऐकली नाही. आता मीच चढते आहे, दीडेक वर्ष झालं. तुझी लेक, शाळेच्या ऑफिसातली क्लार्क, एका फौजदारी खटल्यात आरोपी आहे. शिपाई पुकारा करतो तेव्हा व्हरांड्यातले लोक माना वळवतात. त्यांना कुणी दांडगा गडी येईल असं वाटत असावं, आणि येते मी, पदरानं चष्मा पुसत.

झालं ते एवढंच. उन्हाळ्यात आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते, आणि शेजारी थेट नळाच्या लाइनीला टुल्लू पंप लावून गल्लीचं सगळं पाणी ओढून घेतो. त्याला सांगून सांगून तोंड दुखलं, मग एका सकाळी मी जाऊन पंपाचा पाइप उपटला. पाइप धरायला तो धावला, ओल्या फरशीवर घसरला आणि त्याचा हात मनगटात मोडला. त्याचं म्हणणं, मी ढकललं. मी ढकललं नाही, आई. पण हाड मोडलं की कायद्यात ती गंभीर दुखापत होते, आणि शिक्षा झाली तर माझी नोकरी जाईल, निवृत्ती तोंडावर आलेली असताना. हेच डोक्यात घेऊन मी झोपते आणि हेच घेऊन उठते. भीती केव्हाच संपली, आता नुसता थकवा आहे.

वकील कोण करावा हा प्रश्न मला पडलाच नाही. शाळेतल्या एकदोघींनी सांगितलं, फौजदारीची कामं करणाराच पाहा, दोनतीन जणांना भेट, तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनियरला पाठवणार ते आधीच विचारून घे. मी म्हटलं, आमचे घरचे वकील आहेत. वकीलकाका. तुझ्या खानावळीत डबा लावलेल्या सगळ्या वकिलांत ते एकटे डबा धुऊन परत पाठवायचे. कोर्टामागच्या त्या दोन खोल्या, तू शेगडीपुढे पोळ्या शेकते आहेस, मी आलेले डबे उघडते आहे, आणि त्यांचा डबा निघाला की तू म्हणतेस, "पाय वं, असा मानूस पायजे. जो डबा धुवून देते तो कोनाले फसवत नाही." वकिलाची परीक्षा तू डब्यावरून केलीस आणि मी तोच निकाल घेऊन त्यांच्या दारात गेले. फसवलं त्यांनी खरंच नाही. फीचा विषय काढला तर रागावले. "तुझ्या मायच्या हातचं खाऊन वकील झालो मी," म्हणाले. आता फुकट काम करणाऱ्या, तोंडभरून जीव लावणाऱ्या माणसाला, काका, तुमच्या लक्षात राहत नाही हो, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हातारपणी त्यांच्या तारखा निसटायला लागल्या होत्या. एक तारीख त्यांनी मला चुकीची सांगितली, दोघंही कोर्टात नव्हतो, आणि माझ्या नावाचं वॉरंट घेऊन पोलीस शाळेच्या ऑफिसात आला. प्रिन्सिपल मॅडमसमोर.

वॉरंट रद्द झालं. पण त्यानंतर कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी डबा उघडला नाही. तेव्हा तुझा एक धपाटा आठवला. जामिनावर सुटलेला एक माणूस आपल्याकडे जेवायला बसला होता आणि मी मैत्रिणीच्या कानात म्हटलं, हा चोर आहे. पिठाच्या हातानंच तू माझ्या पाठीत घातलास. "चोर म्हनू नको त्याले. जजसायबानं अजून म्हटलं नाही, तू कोन वं म्हननारी? पानावर बसला का तो आपला पाहुना." आमच्या स्टाफरूममधल्या बायकांना तुझ्या हाताखाली आठवडाभर ठेवायला हवं होतं.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. शाळेतून रजा घेऊन कोर्टात मागच्या बाकावर बसले, कोण कसं बोलतं ते पाहिलं आणि एका तरुण वकीलबाईंना गाठलं. त्यांनी बसायला सांगायच्या आधी विचारलं, "ताई, तुम्ही ढकललं का? मला खरं सांगून टाका, बाकी मी पाहते." इतक्या दिवसांत काकांनी हे विचारलंच नव्हतं. तुझी लेक कुणाला ढकलणार नाही, एवढ्यावर त्यांचा खटला उभा होता. मी नाही म्हटलं, तर त्यांनी तेच उलटसुलट करून पुन्हा पुन्हा विचारलं, मला रडू येईपर्यंत. मग म्हणाल्या, "आता घेते. पण आधीच्या वकिलांची सही आणा, त्यांची हरकत नाही म्हणून. त्याशिवाय आमच्यात कोणी दुसऱ्याची केस घेत नाही."

ती सही आणायला गेले तो दिवस मला पुन्हा नको. काका बनियनवर कूलरसमोर बसलेले. मला बघून खुलले. "ये वं. त्याले मी काय विचारणार आहो, मालूम आहे का तुले? पंप कोनाच्या परवानगीनं लावला म्हनाव. फरशी कोनी ओली केली म्हनाव." सगळं तोंडपाठ होतं त्यांना, एक तारखा सोडून. मी कागद पुढे केला. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"त्या वारंटापायी ना?"

"हो काका."

"बरोबर केलं तू. मी तुझ्या जागी असतो तर मीबी बदलला असता." सही करून कागद परत दिला आणि म्हणाले, "तारखेले मी येऊन बसत जाईन मांगं. बोलणार नाही काही." नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

मागच्या तारखेला शेजाऱ्याची साक्ष सुरू झाली. त्यानं सांगितलं, बाईंनी दोन्ही हातांनी ढकललं. काका तरातरा उठून पुढे आले, "खोटं बोलून राहिला हा, साहेब." मॅजिस्ट्रेटनी त्यांना विचारलं, आपण कोणातर्फे? काका माझ्याकडे पाहत राहिले आणि मी खाली पाहिलं. बाहेर आल्यावर वकीलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी उलटतपासणी आहे. आपली सगळी केस त्याच्यावर आहे. त्या दिवशी तुमचे काका कोर्टात नकोत." त्यांचं काही चुकलं नाही.

ती उलटतपासणी उद्या आहे. आज संध्याकाळी मी कुकर लावत होते तेव्हा काकांचा फोन आला. "काहून वं, फोन नाही केला? तारीख कोनती भेटली?" मी पुढच्या आठवड्यातला वार सांगितला. त्यांनी तो मोठ्यानं म्हणून पक्का केला आणि कोट इस्त्रीला टाकतो म्हणाले. त्या दिवशी ते येतील, आई. जिना चढतील, दारावरच्या बोर्डात, त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, माझं नाव शोधतील, सापडणार नाही, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजून घरी जातील.

हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणून एवढं तरी लिहिता आलं. समोर असतीस तर इथपर्यंत पोचलेच नसते. फोन ठेवला तेव्हा मला लाज वाटली, पण ती मागाहून. आधी हायसं वाटलं.