अक्काची ताडपत्री

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, कुंडलिकचा, वाळूत बसूनच साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि लंगडी म्हैस यांची खुशाली कळव (क्रम चुकला असेल तर म्हैस आधी घे).

मी, श्रीदेवी आणि आमची पिंकी परवा सोलापुरातून निघालो, ते काल दुपारी कोकणात समुद्रावर पोचलो. सरकारी उद्यान आहे, सुरूचं बन आहे, बनात तंबूंच्या जागा आखून दिल्यात आणि बनाबाहेर पाऊल टाकलं की समुद्र. अक्का, काय सांगू! नवी पेठेतल्या दुकानात चोवीस वर्षं कापडाचे तागे उलगडतोय, पण ज्याला दुसरं टोकच नाही असा तागा पहिल्यांदा पाहिला. श्रीदेवीने चपला काढून हात जोडले. पिंकीने मोबाइलमधून मान वर काढली (फोटोसाठी का होईना).

आता कबुली. तंबूखाली अंथरायला तू तुझी निळी ताडपत्री दिलीस तेव्हा बजावलं होतंस, "ने, पर पाण्याच्या कडंला आंथरू नगंस. पाण्यानं घेतल्यालं पाणी माघारी देत न्हाय." धरणाचं पाणी आपल्या जुन्या घरात शिरलं तेव्हा तू नऊ वर्षांची, मला कडेवर घेऊन निघालीस. मला त्यातलं काही आठवत नाही आणि तू काहीच विसरली नाहीस. तेव्हापासून उजनीच्या काठावर तू पाय ठेवला नाहीस. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायला, गाळपेरीलासुद्धा, दाजीच जातात.

तर आम्ही पोचलो तेव्हा समुद्र लांब हटलेला होता. पुढे ही एवढी ओलसर, सपाट जमीन, आणि तिच्यावर चिटपाखरू नाही! माझ्यातला उजनीकाठचा शेतकरी जागा झाला. पाणी हटलं की जो आधी बसेल त्याची जमीन, एवढं तरी बापाने शिकवलंय. भर मध्यावर तंबू ठोकला, खाली ताडपत्री अंथरली, चारी बाजूंनी दगड लावून बांध घातला आणि कुणी अतिक्रमण करू नये म्हणून श्रीदेवीला दारात बसवलं. उद्यानाचा राखणदार धावत आला. "अहो, थंय नको, सांजेक भरती येतली!" मी त्याला समजावलं, "आवो, आमी पाण्याकाठचीच मान्सं. पाऊस पडल्याबिगर हटल्यालं पाणी माघारी येत न्हाय की." तो गेला, आणखी दोघा राखणदारांना घेऊन आला आणि तिघेही बनाच्या कडेला आमच्याकडे तोंड करून बसले.

सहाच्या सुमारास पिठलं रटरटत होतं. पाणी बांधापाशी आलं आणि माझी परवानगी न विचारता आत शिरलं. श्रीदेवीने पातेलं उचललं, पिंकीने मोबाइल, राखणदारांनी तंबू. ताडपत्री कुणीच उचलली नाही. ती लाटेवर दोनदा वळली आणि गेली. अक्का, तुझी वस्तू, तीही पाण्यानेच न्यावी! पिठलं गोड लागलं नाही (श्रीदेवीला लागलं). तरीही नजर हटेना. सूर्य बुडत होता. पाऊस नाही, पाणी सोडल्याचा भोंगा नाही, आणि एवढं पाणी आपलं आपण चालत येत होतं. मी किती लहान माणूस आहे हे मला काल कळलं.

माफ कर. दाजींना एवढ्यात सांगू नकोस.

तुझा,
कुंडलिक

ता. क. पाकीट बंद करणार तोच राखणदाराची हाक आली. सकाळची भरती येऊन उतरली आणि ताडपत्री बनाच्या कडेला वाळूवर पडली होती! एक कडी तुटली आहे आणि आत दोन खेकडे बसले आहेत, बाकी शाबूत. राखणदार म्हणतो, समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा माघारी जातो, यात नवल काय? मला रडू आलं, अक्का. पिंकीने त्याचाही फोटो काढला.

आणखी एक. ताडपत्री मी आणणार नाही. धुऊन, घडी करून राखणदाराकडे तुझ्या नावाने ठेवली आहे. ती न्यायला तूच ये. पाणी माघारी देताना एकदा डोळ्यांनी बघ. तेव्हा तू मला कडेवर घेतलं होतंस, आता काठावर तुझा हात मी धरतो. तंबू तू सांगशील तिथे ठोकू.