हँडल जरा हळू फिरवा

सिल्व्हर फोर्क, नेवाडा
१८ ऑक्टोबर १९२०

सकाळी वारा होता, कपडे लवकर वाळले. दुपारी पाव भाजला, तो एका बाजूनं करपला. बाकी काही नाही. वन्संना पत्र लिहायला घेतलं.

ती. ऑर्फावन्संना कोराचा नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल. वॉल्टरभावोजींचा खांदा कसा आहे? (रोज थिएटरात सिनेमाचं यंत्र हातानं फिरवायचं, म्हणजे खांदा दुखणारच. टर्पेंटाइन चोळावं.) मी ठीक आहे. फेब्रुवारीत हे गेल्यापासून गावातल्या बायका मला एकटीला बसू देत नाहीत. त्यांच्याच आग्रहानं शनिवारी ह्यांनी लिहिलेल्या गोष्टीवरचा सिनेमा पाहायला गेले. पुन्हा जाणार नाही.

तुमच्या भावाची गोष्ट तुम्ही मासिकात वाचलीच आहे. शेजारी आजारी पडतो, एक माणूस त्याची गुरं बर्फातून खाली आणतो आणि घरी येऊन कॉफी पितो. संपली. कुणी कुणावर बंदूक रोखत नाही. सिनेमात पहिली पाटी वाचून होते न होते तोच चार माणसं मरतात. शेजाऱ्याला सोनेरी केसांची मुलगी आहे (शेजारी म्हणजे आपले म्हातारे टोबायस, त्यांचं तर लग्नच झालं नव्हतं), तिला दरोडेखोर पळवतात, आणि मग गुरांची आठवण कुणालाच राहत नाही. बर्फाचं तर विचारूच नका. गेल्या वर्षी भर ऑगस्टात इथं चित्रण केलं, म्हणून त्यांनी रस्ताभर मीठ पसरलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की गाईंपुढे मीठ टाकू नका. पण शहरच्या माणसांना गाईचं काय सांगणार? आता पडद्यावर पाटी येते, ‘वादळापुढे मुकी जनावरं हतबल!’, आणि मुकी जनावरं माना खाली घालून मजेत रस्ता चाटताहेत.

हेही सोसलं असतं. पण त्या वेळी दिग्दर्शकानं ह्यांना हौदापासून बादली घेऊन रस्ता ओलांडायला लावलं होतं. ह्यांची चाल तुम्हाला माहीत आहे. तो ओरडत होता, “अहो, जरा उरका!” हे म्हणाले, “घाई कशाला? पाणी सांडेल.” आणि आले आपले सावकाश. तेवढंच सिनेमात राहिलंय.

पण आमचा ड्यूई प्रुइट यंत्राचं हँडल इतकं जोरात फिरवतो, की पडद्यावर सगळेच कोंबड्यांसारखे धावतात. शनिवारी खेळानंतर त्याच दालनात नाच असतो, आणि त्याला खुर्च्या हलवायच्या असतात. हे बादलीसकट तुरुतुरु पळत गेले. मागून कुणीतरी म्हणालं, “हार्लन असा पळाला असता, तर आयुष्यात एकदा तरी गरम सूप प्यायला असता!” लोक हसले. मग मी बसलेली दिसली, आणि सगळ्यांना एकदम खोकला आला.

मी वर जाऊन ड्यूईला म्हटलं, “तेवढंच जरा हळू फिरव.”

“काकू, हळू फिरवलं तर दिव्यानं फिल्म पेटेल.”

“इतकं हळू नको म्हणत मी. माणसासारखं चालू दे.”

“बाकीच्यांना पळायलाच आवडतं हो. दरोडेखोर चालत आले तर पैसे परत मागतील!”

मी खाली आले. सिनेमा या प्रकाराशी माझा संबंध संपला. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
कोरा

ता. क. : ड्यूई म्हणतो, हीच रिळं शुक्रवारी तुमच्या गावी येणार आहेत. मी गुरुवारच्या गाडीनं निघते. झोपायला स्वयंपाकघरातलं बाकडं पुरेल.

आणखी एक : भावोजींना सांगा, हौद दिसला की हँडलवरचा हात सैल सोडा. खांद्यालाही बरं. रस्त्याच्या मध्यावर हे एकदा समोर बघतात. त्यावरून दिग्दर्शक ह्यांना फार बोलला होता, कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं म्हणून. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. मी त्याच्यामागे जेवणाचा डबा घेऊन उभी होते. शनिवारी ते इतकं भर्रकन गेलं की मला नीट दिसलंच नाही.

घरातलं पाणी संपलंय. बादली घेऊन हौदावर जाऊन येते.