मेणमातीची सव्वीस माणसं

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, बोटभर उंचीच्या मूर्ती घडवून पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक भाचीला. ती नको नको म्हणेल. तिचं ऐकू नये.

२. दादाला काही नाही. चाळीस वर्षं त्याने माझ्या कामाला 'चिखलातले खेळ' म्हटलं आणि उंटावरून शेळ्या हाकल्या. फार तर माझं भिंग न्यावं.

३. कपाटातला माल. भाची, हे दोनदा वाच. गोळे सगळे सारखेच करडे दिसतात. वरच्या कप्प्यातली पॉलिमर क्ले ओव्हनमध्ये भाजली की कडक होते. मधल्या कप्प्यातली मेणमाती कधीच कडक होत नाही. ती साच्यासाठी नमुना करायला असते आणि ओव्हनमध्ये वितळते. खालच्या डब्यांतली पुट्टी दोन भागांची, समसमान घेऊन मळायची, दोन तासांत दगड होते. हातमोजे घाल. वरचा आणि मधला कप्पा एकत्र करू नकोस. खरंच करू नकोस. त्या एका चुकीने माझ्या जिवाला एकवीस वर्षं घोर लावला आहे.

४. कोरण्या, सुया, पक्कड, तारा आणि ओव्हन. हे कोणाला, ते ठरवायला आठवडा गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या कारखान्यात एक बाई होती. मेणमातीवर तिचा हात असा चाले की सगळे तिला मेणवालीच म्हणत. आमची रीत अशी, की ज्याने मूर्ती घडवली त्यानेच तिच्या तळव्याला सुईने भोक पाडायचं. एक भोक म्हणजे भाजायची, दोन म्हणजे भाजायची नाही. एका संग्रहालयासाठी तिने मेणमातीत बाजारातली सव्वीस माणसं केली होती. ती जेवायला गेली असताना मी ती पॉलिमरची समजले आणि लवकर उरकावं म्हणून भोकं पाडली, प्रत्येकाला एकेकच. मग मीच ती ओव्हनमध्ये ठेवली. दार उघडलं तर ट्रेमध्ये डबकं आणि त्यात नुसत्या तारा.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"ताई, भोकं मी नाही पाडली हो," ती म्हणाली.

मी मूग गिळून बसले. वर तिलाच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." पुढे तिला कुठल्याच कारखान्यात काम मिळालं नाही. आता ती काजं-बटणं करते.

म्हणून सगळी हत्यारं तिला, असं मी लिहिणार होते. पण आज तिला साक्षीदार म्हणून बोलावून बसले, कारण बोलवायला दुसरं निमित्त सुचेना. वकील म्हणाले, "मावशी, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करता येत नाही. एक काय ते ठरवा. हत्यारं दिलीत, तर हे सगळं तिला तुमच्या मागे कळेल."

मेल्यावर माफी मागणं मला सोपं गेलं असतं. तेच नको. हत्यारंही भाचीलाच. मेणवाली साक्षीदार राहील, आणि सही करण्याआधी तिने हा कागद पहिल्यापासून वाचावा, अशी माझी अट आहे. पहिलं पान तिच्या हातात आहे, दुसरं मी लिहिते आहे. ती मान वर करत नाही.

ठिकाण: कामाची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: १७ फेब्रुवारी, मंगळवार

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचा घड्याळजी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: मेणवाली. सही माझ्यासमोर झाली. दोन्ही पानं वाचली. मला हे त्याच दिवशी कळलं होतं, ताई. महिनाभर दिवसा दाराला कडी लावली नाही, तुम्ही याल म्हणून.