गवती चहाखालच्या ताटल्या

आई, काल मी तुझा डासांचा फवारा केला. तुझ्या नातीला मूल झालंय, अजून पालथंही पडत नाही, आणि तिला घरात कॉइलचा धूर नको, बाजारातलं औषध नको. आजी करायची ते तुला येतं ना, असं तिने फोनवर विचारलं आणि मी हो म्हणून बसले. दादरहून गवती चहाची जुडी आणि कडुनिंबाचा पाला आणला, लवंगा ठेचल्या, सगळं मंद आचेवर ठेवलं. झाकण काढलं तशी लालबागची आपली खोली नाकात शिरली. गॅस बंद करून मला थोडा वेळ बाहेर जाऊन बसावं लागलं.

तू ओट्याशी उभी आहेस. पाणी निम्मं आटलं की गाळून गार करतेस, निलगिरीच्या तेलात विरघळवलेला कापूर त्यात घालतेस आणि काचा पुसायच्या औषधाच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटल्यांत भरतेस. मारण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर तेल वरच राहतं, हे प्रत्येकीला बजावतेस. शेजारी टॉवर उठत होता, त्याच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. दिवेलागणीला दार उघडं ठेवायची सोय नव्हती. अख्ख्या मजल्यावर तुझ्या बाटल्या गेल्या. मागणी वाढली तसा तू गॅलरीत तेलाच्या डब्यांतून गवती चहाच लावलास. डब्यांतलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं अशी तक्रार आली, म्हणून प्रत्येक डब्याखाली एकेक जुनी ताटली सरकवलीस.

त्याच पावसाळ्यात शेजारच्या काकूंची मुलगी तापाने पडली. पाचवी-सहावीत असेल. डेंग्यू निघाला, परळच्या इस्पितळात ठेवलं, प्लेटलेट रोज उतरत होत्या. चाळीत पालिकेची माणसं तपासायला आली. पिंपं बघितली, माळ्यावरची टाकी बघितली, मग त्यातल्या एकाने तुझा डबा उचलून ताटलीवर टॉर्च मारला. "मावशी, इकडे या जरा," एवढंच म्हणाला. नितळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्याने सगळ्या ताटल्या ओतल्या, आवाज न चढवता समज दिली आणि पुढच्या दाराकडे गेला. तू तिथेच उंबऱ्यावर बसलीस.

मी ऑफिसातून आले तेव्हा घरात दिवाही लावलेला नव्हता. मी तुला किती समजावलं. कुठला डास कुणाला चावला हे कोण सांगणार? समोर एवढा मोठा खड्डा होता. ती शाळेत जात होती, क्लासला जात होती. तुझं एकच चाललं होतं, की काकूने माझ्या बाटलीच्या भरवशावर पोरीला गॅलरीत अभ्यासाला बसवलं. तेवढ्यात काकू कपडे न्यायला घरी आल्याचा आवाज आला आणि तू उठलीस. मी तुझा हात धरला.

"आई, नको सांगूस. तिची पोरगी तिकडे पडलीय, त्यात हे कशाला?"

"अळयो माझ्या दारात मिळाल्यो," तू म्हणालीस. "तिका माझ्याच तोंडान कळाक व्हया."

काकू ओरडल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या, खिडकीतली तुझी बाटली आणून तुझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. मुलगी वाचली, पुढे तिचे केस मूठमूठ गळले, ते परत आलेही. पण काकू तुझ्याशी त्यानंतर बोलल्या नाहीत. तू डबे उपटून टाकलेस, फवारा पुन्हा कधी केला नाहीस. शेजारच्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचीस, ते मी रोज बघत होते. तू गेलीस त्या दिवशी काकू गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या. तुला खाली नेईपर्यंत उभ्या होत्या, पण आत आल्या नाहीत.

आज मी बाटली घेऊन लेकीकडे गेले. बाळ आहे म्हणून त्यात कापूर घातला नाही. फक्त पडद्यांवर मार, बाळाला मच्छरदाणीतच ठेव, असं सांगितलं आणि तिच्या बाल्कनीतल्या कुंड्या एकेक करून उचलायला लागले. ती वैतागली.

"तू बाळाला बघायला आलीस की झडतीला?"

दोन कुंड्यांखाली पाणी होतं. मी ते मोरीत ओतलं. अळ्या होत्या की नाही, ते पाहिलं नाही. का ओतते आहेस, असं तिने विचारलं तेव्हा वास येतो म्हणाले. तुझी गोष्ट तिला ठाऊक नाही. सांगायची म्हणूनच गेले होते, पण ती आजीचं कौतुक करत बाटली हुंगत होती.

हे तुला लिहिलेले कागद मी कपाटात ठेवणार आहे. लोक म्हणतात, आईचं मोठेपण उशिरा कळतं. मला ते तेव्हाही कळलं होतं, आई. पण तू त्या दारात गेलीस हे मला आजही पटलेलं नाही. तुझ्या जागी मी असते, तर ताटल्या धुऊन ठेवल्या असत्या आणि गप्प बसले असते.