साखर सहाने स्वस्त

३ मार्च
एकवीस किलो! वीस किलो बटाटे, आणि एक किलो विकणाऱ्याने खूश होऊन वर टाकलेले. घाऊक बाजार, दोन बस बदलून! बायको शिवणयंत्रावरून उठलीसुद्धा नाही. "अहो, घरात माणसं किती आपण?"
दोन. तिलाही माहीत आहे! पण मी निवृत्त झाल्यापासून वाणसामान माझ्याकडे आहे. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, बटाट्यांचं काय एवढं!

४ मार्च
कंबर.

७ मार्च
डॉक्टर म्हणाले, "काय उचललंत?" मी म्हटलं, "बचत." हसले नाहीत. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, फी घेतली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!
बायको टीप मारता मारता म्हणते, "लिफ्टवाले ना तुम्ही? मग चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने कशाला चढवलंत?" लिफ्ट बंद होती. आणि ती आमच्या कंपनीची नाही — कितीदा सांगायचं!

१५ मार्च
ठरलं. दहा मिनिटांवर जे मिळतं, त्यासाठी दोन बस नाहीत. साखर कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली. बाजारापेक्षा किलोमागे सहा रुपये जास्त. जाऊ देत! सहात नवी कंबर मिळत नाही.
हे तिला सरळ सांगायचं ठरवून दार उघडलं. आत एका गिऱ्हाईक बाईंचं माप चाललेलं. गळ्यात फीत, आणि बायको सांगतेय, "आमचे हे बाजार पालथा घालतात हो! गेल्या खेपेला साखर सहाने स्वस्त आणली!"
काय ताठ होती मान! निवृत्त झाल्यापासून माझ्याबद्दल असं कुणाला सांगताना ऐकलं नव्हतं. सहा महिने तर 'हे घरीच असतात' एवढंच.
"आज कितीला?"
"तेवढ्यालाच," — निसटलं तोंडातून! फरक माझ्या खिशातून.

१६ मार्च
आता बाजाराला गेलो असं दाखवायचं, तर दोन तास बाहेर काढायला हवेत. रिकामी पिशवी घेऊन बागेत बसलो. बाकावर दातांचे एक निवृत्त डॉक्टर बुद्धिबळ मांडून एकटेच. हरायला लागले की माझा घोडा पटावरून उपटतात — भूल न देता.
येताना कोपऱ्यावरून तेल, साबण. लिफ्ट चालू होती. तरी तिसऱ्यालाच उतरलो आणि एक मजला धावत चढलो. धाप खरी वाटली पाहिजे!

२२ मार्च
कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "काका, या पिशवीवर आमचं नाव आहे. साधी देऊ का?" मी काही बोललो नव्हतो! माणूस फार हुशार. भाव मात्र एक पैसा कमी करत नाही.

२६ मार्च
मेलो! बायकोने शेजाऱ्यांकडून मागण्या घेतल्या. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची पाच किलो साखर, समोरच्यांची सहा. "एवढे जाताच आहात, तर त्यांचीही आणा. पैसे मी गोळा करते." आणि माझ्या हातात मोजून ठेवले — बाजारभावाने! अकरा किलो. किलोमागे सहा. आता शेजाऱ्यांची साखरही मीच गोड करायची!
चष्म्याची काडी बदलायची होती. दोरा बांधून भागवतोय.

२९ मार्च
बागेतल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "बोलून टाका. दात जितका उशिरा काढाल तितका जास्त दुखतो." एवढं बोलून माझा वजीर मारला.

२ एप्रिल
वाक्य पाठ केलं. 'हे बघ, मी बाजारात जातच नाही.' चार शब्द नि वर 'हे बघ'. घरी आलो, तर चहा तयार. "फार थकता हो माझ्यासाठी," म्हणाली आणि कमरेला शेक द्यायला बसली. काय सांगणार, कपाळ! तोंड दाबून बुक्क्यांचा मार — वर शेक.

५ एप्रिल
पाचव्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "साखर स्वस्त पडतेय ना?"
"छे हो, स्वस्त कसली? वहिनी कोपऱ्यावरच्याच भावाने पैसे घेतात. पण घरपोच येते ना! आणि तुमचंही बरं चाललंय. वहिनी सांगत होत्या, 'हे दोन तास बागेत बुद्धिबळ खेळून येतात, तेवढंच मला निवांत शिवता येतं.' जिंकता का कधी?"
पायरीवर बसलोच. माझ्या खिशातले सहा, आणि शेजाऱ्यांकडून जास्तीचे सहा तिच्या डब्यात!
हरायचंच, तर थाटात! घरी येऊन म्हटलं, "उद्यापासून साखर आठने स्वस्त मिळणार आहे."
तिने मान वर केली नाही. "वा! बाजार चांगलाच पडलाय हो." ओठांत टाचण्या धरल्या होत्या, म्हणून हसली नाही. टाचण्या मात्र थरथरत होत्या.