हिरव्या दारामागची शांतता

सोमवार, २ मार्च

कपाट दुसऱ्या वळणावर अडकलं. खाली दोन हमाल, वर बाबा. बाबांचा हात कपाटाला लागलेला नव्हता, सूचना मात्र अखंड चालू होत्या. डावीकडे घ्या. तुमच्या डावीकडे नाही हो, माझ्या. शेवटी पुढच्या हमालाने कपाट टेकवलं आणि विचारलं, आजोबा, तुम्ही आत बसता का, दोघांना एकदमच वर नेतो. सगळ्यांत जास्त बाबाच हसले.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरची माझी, ओटा आणि न्हाणीघर तिलाच लागून. आतली बाबांची. तिचं हिरवं दार माझ्या खोलीत उघडतं. बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. आता फक्त ओळखीच्यांचं उसवलेलं शिवून देतात, तरी गादीच्या आधी मशीन लागलं.

त्यांची एक सवय आहे. माझ्या खोलीत यायचं असेल तर शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान ते दाराच्या चौकटीवर तीनदा वाजवतात, आणि मी 'या' म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाहीत. मी तेरा वर्षांची झाले तेव्हा आईने लावलेली ही शिस्त. आई गेली, शिस्त राहिली. एकदा मला झोप लागली होती, तर हे चहाचे दोन कप घेऊन पाऊण तास बाहेर उभे. या घरात त्यांना बाहेर पडायचं तरी माझ्याच खोलीतून. म्हणाले, म्हणजे मी कैदी आणि तू जेलर.

बुधवार, ४ मार्च

नव्या नोकरीचा पहिला दिवस. संगणकावरच्या खेळांतल्या जागा बांधणं हे माझं काम. माणसं दुसरे करतात. मी भिंती करते, पायऱ्या, ओल, खिडकीतून येणारा उजेड.

सध्याचा खेळ एका रिकाम्या घराचा आहे. भूत नाही, मारामारी नाही. खेळणारा नुसता चालतो आणि घाबरतो. घाबरवायचं ते जागेने. आमच्या प्रमुख बाईंचं म्हणणं, लोक गोष्ट विसरतात, कोण मेलं ते विसरतात, जागा विसरत नाहीत. जेवताना प्रत्येकाने आपापली जागा सांगितली. बाईंना लहानपणी खेळलेल्या एका खेळातला बर्फात गाडलेला पेट्रोलपंप आठवतो, आत रेडिओ चालू असलेला. मला एका विहिरीचा तळ. वर कोणीतरी झाडत असायचं, दिसायचं कधीच नाही.

चाचणी करणाऱ्याला सगळे मुंगळा म्हणतात. माणूस चाळिशीचा, पण दिवसभर खेळात भिंतीला चिकटून चालतो. भिंतीत कुठे फट राहिली असेल तर खेळणारा त्यातून जगाच्या बाहेर पडतो. ती फट शोधायची. त्याने मला माझी खुर्ची दाखवली. आधी इथे बसायचा त्याने अर्ध्यात सोडलं, म्हणाला. का, ते मुंगळ्यालाही माहीत नाही.

शनिवार, ७ मार्च

इथली एक पद्धत मला नवी होती. प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता लागते आणि ती खऱ्या खोलीतून टिपून आणावी लागते. बाईंची अट वेगळीच. रिकाम्या खोलीची शांतता मेलेली असते, म्हणाल्या. माणूस गप्प बसलेल्या खोलीची आणा.

म्हणून आज घरीच केलं. खेळातल्या बोळाच्या टोकाला एक बंद दार हवंय, त्यासाठी आमच्या हिरव्या दाराचे फोटो काढले. बाबांच्या तेलकट हाताचा डाग चौकटीवर आठवड्याच्या आत पडलाय, तोही घेतला. मग अंगुस्तानाची टकटक टिपली. मग बाबांना मशीनपाशी बसवलं आणि एक मिनिट गप्प राहायला सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या आईला हे कधी जमलं नाही. मिनिटभर खरंच हलले नाहीत. झाल्यावर म्हणाले, जमलं का गं, मी नीट गप्प बसलो का?

मंगळवार, १० मार्च

सगळं बसवलं. दार उघडत नाही, मागे खोलीही बांधलेली नाही. नुसती ती शांतता आणि मधूनच तीन टकटक. मुंगळा त्या दारापुढे वीस मिनिटं उभा राहिला. कानांवरचे हेडफोन काढून म्हणाला, आत कोणीतरी बसलंय. बाई टेबलामागून उठून आल्या आणि माझी पाठ थोपटली.

आनंदात घरी आले. चौकटीवरचा डाग नव्हता. बाबांना म्हटलं, पुसलात कशाला, चांगला होता. त्यांनी पुसला नव्हता.

गुरुवार, १२ मार्च

अंगुस्तान वाजत नाही.

मी ओट्याशी होते. सहज वळले तर हिरवं दार अर्धं उघडं आणि बाबा चौकटीवर बोट आपटतायत. एक, दोन, तीन. आवाज शून्य. बराच वेळ ठोकत असावेत. मला वाटलं दिवसभर हेडफोन लावून माझेच कान गेले. चमच्याने चौकट वाजवून पाहिली, वाजली. अंगुस्तान माझ्या बोटात घालून पाहिलं. लोखंडावर, काचेवर, ताटावर. नाही.

बाबा म्हणाले, म्हातारं झालं ते पण.

शनिवार, १४ मार्च

आता त्यांच्या खोलीत काहीच ऐकू येत नाही. उंबऱ्याच्या आत पाय टाकला की कान भरून आल्यासारखं होतं. मशीन चालतं, सुई खाली-वर होते, आवाज नाही. बाबा बोलतात, ओठ हलतात. बाहेर आले की पुन्हा सगळं नीट. मी त्यांना माझ्या खोलीत बसायचा आग्रह धरला. म्हणाले, माझी खुर्ची आत आहे. तिच्या उशीला पडलेला खड्डा माझ्या मापाचा आहे.

दुपारी ऑफिसात मुंगळ्याने विचारलं, हा खोकला कधी टाकलास?

मी खोकला टाकलेला नाही. हेडफोन घेतले. मी टिपलेली शांतता एका मिनिटाची होती, पुन्हापुन्हा तीच लागायला हवी. ती संपेचना. चार मिनिटांनी मशीनच्या पायडलची कुरकुर आली. मग बाबांचं गुणगुणणं.

मी त्यांना घरी फोन लावला. त्यांनी उचलला, आतूनच. एक शब्द ऐकू आला नाही. हेडफोनमध्ये मात्र 'हॅलो' आलं.

सोमवार, १६ मार्च

माझ्या खुर्चीवर आधी बसायचा त्याचा पत्ता मुंगळ्याकडून घेतला. चष्म्याच्या दुकानात काम करतो. बोलायला तयार नव्हता. मी 'शांतता' एवढंच म्हटलं, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. उशाशी घंटी. त्याने तिच्या खोलीची शांतता आणली. आधी घंटी गेली, मग आईचा आवाज. मग एका दुपारी अंथरूण रिकामं. खेळात मात्र ती होती, हाका मारत होती. तो भ्यायला. त्याला वाटलं, तिथून काढली की इथे परत येईल.

माझ्याकडे न बघता, हातातली काच पुसत तो म्हणाला, "पुसू नका. मी पुसलं."

मंगळवार, १७ मार्च

बाईंनी सगळ्यांना बोलावलं. खेळ जड झालाय, संगणकांना पेलत नाही. बोळाच्या टोकाचा भाग पूर्ण कापायचा. शुक्रवारी सकाळी दहाला.

मी म्हटलं, दार ठेवा. मागची शांतता तरी ठेवा. गरजेपेक्षा मोठ्याने म्हटलं असेन. बाई हसल्या, बंद दारामागचं कोणाला दिसतंय? मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, दोन दिवस सुट्टी घ्या.

ध्वनीची प्रत काढून फोनमध्ये घेतली. प्रतीत काही नाही. नुसती खरखर.

बुधवार, १८ मार्च

बाबा आता माझ्या खोलीतही ऐकू येत नाहीत. कापडावर खडूने लिहितात. सकाळी लिहिलं, चहात साखर विसरलीस. मी हसले आणि मग थांबवता येईना. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हात जाणवला नाही. म्हणजे दिसला, पण —

त्यांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी लिहिलं, मी नीट गप्प बसलो ना पण?

दुपारी दूध आणायला खाली गेले. दहा मिनिटं. आले तर खुर्ची रिकामी. उशीला खड्डा. टेबलावर अंगुस्तान. दाराशी चपला नव्हत्या. जिन्यात विचारलं, कोणी उतरताना पाहिलं नाही. पोलिसांनी विचारलं, भांडण झालं होतं का.

ऑफिसात गेले. हेडफोन लावले.

तीन टकटक. थांबणं. पुन्हा तीन. मी टिपलेली नव्हे ही. ही जोरात आहे, घाईची. ते 'या'ची वाट बघतायत.

गुरुवार, १९ मार्च

दार उघडायची सोय केली. दिवस गेला त्यात. मागे खोली बांधली, घाईत, भिंती वाकड्या. बाई बाहेरगावी, फोन घेत नाहीत. खेळातल्या बोळात माझा आवाज हवा. एकच शब्द. तो टिपला आणि आत टाकला. माझ्या आवाजाचं पुढे काय होईल हे कळत होतं. कळून टाकला.

मुंगळ्याने खेळ चालवला. हेडफोनची एकेक बाजू दोघांनी कानाला धरली. टकटक, टकटक, टकटक.

माझा आवाज. "या."

दार उघडलं. चपला ओढत कोणीतरी आमच्या अंगावरून गेलं. मुंगळ्याने हेडफोन फेकला. मग शांतता, पण मेलेली. खोली रिकामी होती.

मुंगळ्याने विचारलं, कोण होतं? मी तोंड उघडलं. त्याला वाटलं मी नाटक करतेय.

चालेल. बाबा सुटले. माझा आवाज गेला तर गेला. घरी येऊन बसलेय. हिरवं दार लावून ठेवलंय. वाट पाहत —

शुक्रवार, २० मार्च. सकाळ

नऊ चाळीस. टकटक आली. हेडफोनमधून नाही. इथे, आमच्या दारावर, आतून. तीनदा.

मी धावत दार उघडलं. कोणी नाही. लावलं. पुन्हा तीन. उघडं असलं की काही नाही. लावलं की आहेत. न विचारता ते येणार नाहीत. कधीच आलेले नाहीत.

भांडं आपटलं. टाळ्या वाजवल्या. ते थांबतात, ऐकतात, पुन्हा ठोकतात.

कागदावर 'या' लिहून दाराखालून सरकवला. दार उघडून पाहिलं. कागद तसाच फरशीवर.

मुंगळ्याला फोन लावून दारापाशी धरला. तो हॅलो हॅलो करत राहिला, मग ठेवला. मेसेज पाठवला, दहाला ते दार कापू देऊ नकोस. वाचलेला नाही.

नऊ सत्तावन्न.

तीन. आता हळू. दमलेत. मला झोप लागलीय असं वाटत असेल त्यांना. उभे राहतील ते, पाऊण तास राहतील. पाऊण तास नाहीये —

नऊ एकोणसाठ. एक. दोन.

तीन. थांबले.

मी दाराला तोंड लावलंय. ओठ हलवतेय, बाबा, मी जागी आहे, मी —