मध्यंतरानंतर मी थांबलो नाही

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, काम सिनेमाची परीक्षणं लिहिणे, ‘पाचवी रांग’ या शनिवारच्या सदराचा एकतीस वर्षं लेखक, आज शुद्धीवर आणि डोकं ताळ्यावर असताना हे मृत्युपत्र करतो. यकृताने संप पुकारला आहे, बुद्धीने नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट “इतकं खाजगी लिहू नका हो,” म्हणून वकीलच मागे लागले आहेत. त्यांनी कलमांचे आकडे घालावेत, मजकुराला हात लावू नये. संपादकाने जन्मभर माझी विशेषणं छाटली, तेवढं पुरे झालं.

कलम १. राहतं घर, सामानासकट, माझ्या मुलीला. बँकेत असेल ते तिलाच. स्वयंपाकघरातला नळ तिने जावयाकडून दुरुस्त करून घेऊ नये. गेल्या खेपेला त्याने केला, तेव्हापासूनच तो गळतो आहे.

कलम २. भिंतीवरचं घड्याळ एका नायकाने पाठवलेलं आहे. त्याच्या जुळ्या इन्स्पेक्टरांच्या सिनेमाला मी साडेतीन तारे दिले ते घड्याळ यायच्या आधी, हे कोणी मानत नाही. ज्याचं त्याला परत करावं.

कलम ३. माझा जाडजूड शब्दकोश समोरच्या वर्तमानपत्रातले परीक्षक, मी ज्यांना ‘तारेवाटप’ म्हणतो, त्यांना. ‘अप्रतिम’ सोडून भाषेत आणखीही शब्द आहेत, हे त्यांना या वयात तरी कळावं. आगगाडी लुटणाऱ्या त्या भिकार सिनेमाला या गृहस्थाने पाच तारे दिले होते! मी एक दिला. गावाने तो चार-चार वेळा पाहिला आणि मला रस्त्यात थांबवून विचारलं, “काय हो, झोपला होता का?” झोपलो नव्हतो. पण होतो तरी कुठे, ते पुढच्या कलमात येतं.

कलम ४. माझ्या वह्या. एकूण त्रेचाळीस. कोणीही उघडून पाहाव्यात. प्रत्येक सिनेमाला चार पानं आहेत. पहिल्या दोन पानांवरचं अक्षर वेडंवाकडं, ओळीवर ओळ चढलेली, कारण ते अंधारात लिहिलेलं आहे. पुढच्या दोन पानांवरचं अक्षर सरळ, वळणदार. ते उजेडात, थिएटरच्या कँटीनमध्ये चहा पीत लिहिलेलं आहे. शुक्रवारी दोन-दोन सिनेमे लागत आणि सहाच्या आत मजकूर द्यावा लागे. म्हणून मी मध्यंतराला उठायचो. उरलेला सिनेमा डोअरकीपर सांगायचा. पहिला खेळ त्याने दाराशी उभं राहून पाहिलेला असायचा.

“साहेब, पुढे काही नाही. बाईचे डोळे जातात, ती गाते, डोळे येतात. रुमाल निघाले, शिट्टी एक नाही.” मी लिहिलं : उत्तरार्ध भावनेला हात घालतो, पण उत्स्फूर्तता हरवतो. अडीच तारे. भुताच्या बंगल्याच्या वेळी तो म्हणाला, “भुताला कोण भितंय? सासू आली की बायका दचकत होत्या.” त्यावर मी ‘भयाचा कौटुंबिक उगम’ असा अर्धा रकाना ठोकून दिला. तो लेख पुढे कॉलेजात शिकवला गेला! एकतीस वर्षांची माझी मर्मदृष्टी म्हणतात ती या माणसाची आहे, हे मी इथे लेखी कबूल करतो.

कलम ५. आता माझा धाकटा भाऊ. त्याने आयुष्यात एकच सिनेमा केला. आमच्या आईवर. ती इस्त्रीचं दुकान चालवायची. त्या शुक्रवारी मी मध्यंतराला सवयीने उठलो, तर डोअरकीपर रजेवर. त्याच्या मुलीला ताप होता. मला आत परत जाता आलं असतं. सख्ख्या भावाचा सिनेमा होता! मी गेलो नाही. दुसऱ्या थिएटरचा खेळ गाठायचा होता. इस्त्रीवाली गरीब आई, म्हणजे शेवटी मरणारच, असं धरून चाललो आणि लिहिलं : ‘अखेरीस आईला मारून दिग्दर्शक प्रेक्षकांकडून अश्रूंची वसुली करतो. दीड तारा.’ भाऊ म्हणून पक्षपात नको, या तोऱ्यात तारेही हात आखडून दिले.

शनिवारी सकाळी धाकटा पेपर घेऊन घरी आला. “दादा, तू शेवटपर्यंत बसला होतास ना?”

“म्हणजे काय? अर्थात!”

“बरं,” म्हणाला. पेपराची घडी केली आणि गेला.

संध्याकाळी आईचा फोन. “काय रे, मी कधी मेले?” सिनेमातली आई मरत नाही, हे मला असं कळलं. रविवारी आणखी दोन पेपरांनीही तिला मारलं. माझं वाचून! म्हणजे तेही बसले नव्हते. “जा, पुढचं स्वतः बघून ये,” आई फोनवर म्हणाली होती. मला तोंड दाखवायची लाज वाटली. गुरुवारी सिनेमा उतरला. धाकट्याने संपादकाला चार ओळींचं पत्र टाकलं असतं, तरी माझी नोकरी गेली असती. त्याने नाही टाकलं. तो लग्नाचे व्हिडिओ काढायला लागला. एकोणीस वर्षं आम्ही बोललो नाही, आईला पोचवायला गेलो तेव्हाही नाही. गेल्या महिन्यात मुलीकडून निरोप धाडला, सिनेमा बघायचा आहे. उत्तर आलं : डब्यांत ओल गेली, रिळं चिकटली. बघण्यासारखं काही उरलं नाही.

कलम ६. या वह्या मी डोअरकीपरला देणार होतो. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. डोअरकीपर म्हणाला, “मग वह्या राहू द्या, साहेब. इतकी वर्षं तुमच्या सहीखाली बोललो. एकदा माझी सही करू द्या.” वह्या मुलीने ठेवाव्यात, जाळू नयेत.

मग इतकी वर्षं ज्याची भीती वाटत होती, ते मी आज त्याला विचारलं. धाकट्याच्या सिनेमात पुढे काय होतं?

रजेवरून आल्यावर त्याने तो सिनेमा रोज पाहिला होता. तो सांगू लागला. आईचा हात भाजतो. धाकटा दोन वर्षं शाळा सोडून इस्त्रीला उभा राहतो, म्हणजे मोठ्याचं शिक्षण थांबायला नको. शेवटी मोठा कडक इस्त्रीचा शर्ट घालून नोकरीच्या पहिल्या दिवसाला निघतो. दोघं दुकानातून बघत राहतात. तो वळून बघत नाही. पडदा काळा होतो.

“आणि मग अक्षरं येतात, साहेब. ‘दादासाठी’. लोक उठलेले असायचे. दिवे लावायचं काम माझं. पण अक्षरं जाईपर्यंत मी लावायचो नाही.”

ती दोन वर्षं खरी आहेत. माझ्या लक्षातही नव्हती. मला माझीच लाज वाटते.

कलम ७. आईची कोळशाची इस्त्री माझ्याकडे आहे. ती धाकट्याला. कोणतीही अट नाही. त्याने माफ करावं असंही मी म्हणत नाही.

कलम ८. मी गेल्यावर माझ्यावरचा लेख छापू नये. त्या जागी कलम ४, ५ आणि ६ जशीच्या तशी छापावीत. तारे देऊ नयेत.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली.
दिनांक : ११ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार.

सही : दादा
(अशी सही कायद्यात चालत नाही म्हणून वकील कुरकुरत आहेत. खाली त्यांना हवी तशीही केली आहे.)

साक्षीदार १ : वकील. मजकूर वाचला. कुठेही हात लावलेला नाही.

साक्षीदार २ : डोअरकीपर, स्वतःच्या अक्षरात. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत इथे बसून होतो.